मावशीचा खांदा

मावशी गेल्याची बातमी माझ्या आईला पुण्यात एका फॉरवर्डमधून कळली. सख्खी धाकटी बहीण गेल्याची बातमी. झालं असं की मावशीचे यजमान, आमचे काका, हॉस्पिटलच्या खोलीबाहेर फोन हातात घेऊन उभे होते. आधी अमरावतीला कळवावं की पुण्याला, हेच त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात बेसबॉल क्लबच्या अध्यक्षांचा मेसेज आला, आज शुभा कशी आहे? काकांनी सवयीने लगेच उत्तर दिलं, गेली. आम्ही परिचारिकेशी बोलून होईपर्यंत क्लबच्या ग्रुपवर मावशीचा फोटो पडला होता. हात डोक्याच्या वर, चेंडू सुटायच्या बेतात, आणि खाली डचमध्ये एक ओळ, ‘दुखत असतानाही ती फेकत राहिली’. तिथून तो फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला आणि मंडळातून पुण्याला. आईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, गोंधळली होती. “अगं, शुभाचा फोटो कोणीतरी पाठवलाय. खाली हात जोडल्याच्या खुणा आहेत... हे काय आहे?” मी काय आहे ते सांगितलं. त्याला आता काही आठवडे झाले. दुःखाचं काय व्हायचं ते होईल, पण त्या फोटोखालच्या ओळीची मला आलेली शिसारी अजून गेलेली नाही.

मी नोकरीसाठी नेदरलँड्सला आले तेव्हा पहिले काही महिने ॲमस्टरडॅमजवळ हूफडॉर्पला मावशी-काकांकडे राहिले. मग वेगळी खोली घेतली, तरी जाणं-येणं राहिलं. घर स्टेशनपासून सायकलने जवळ, नव्या वसाहतीतलं, शेजारच्या घरासारखंच दिसणारं. आत मात्र फोडणी आणि दुखण्यावरच्या मलमाचा एकत्र वास यायचा. चपलांच्या रॅकमध्ये चपलांपेक्षा चेंडू जास्त. मावशी अमरावतीला असताना विद्यापीठाच्या संघातून सॉफ्टबॉल खेळलेली. मग लग्न झालं, काकांच्या व्हिसावर ती इकडे आली आणि पुष्कळ वर्षं तिने घर, मंडळाचा गणपती आणि डचचे क्लास एवढंच केलं. एकदा बाजारातून येताना मैदानाच्या कुंपणाशी सायकल थांबवून ती सराव बघत उभी राहिली. पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, कोपर खाली येत होता. तिला राहवलं नाही. तिने कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती कुंपणाच्या आत होती आणि मग आतच राहिली, पिचर मुलांना शिकवणारी स्वयंसेवक म्हणून. सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो, बेसबॉलमध्ये वरून. मी तेवढं विचारून पाहिलं तर म्हणाली, “खांदा तोच असते ना वं? का डच लोकायले दुसरा दिला देवानं?”

मंडळात तिची चेष्टा व्हायची. कोजागरीला एक बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “शुभाताई, त्या गोऱ्या मुलांना तुम्ही शिकवता तरी काय? पोळ्या लाटायला?” मावशी दुधाचा घोट घेऊन म्हणाली, “पोळीलाही मनगटच लागते. तुमच्या पोळ्या पाहिल्या का समजते ते.” त्या बाई वर्षभर बोलल्या नाहीत. आता त्यांनीच ग्रुपवर लांबलचक श्रद्धांजली लिहिली आहे, ‘आमच्या शुभाताई, आमचा अभिमान’. मी ती वाचली आणि फोन पालथा ठेवला.

लोक गेल्यावर गोड होतात. मावशी गोड नव्हती. हट्टी होती, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही, आणि मी गप्प बसले की “तोंडात काय अंडं धरून राहिली?” असं पाहुण्यांसमोर विचारायची. पण मैदानावर तिचा एक नियम होता आणि तो सगळे पाळत. दुखलं की बसायचं. मुलं खोटं बोलतात हे तिला माहीत होतं, म्हणून ती त्यांना विचारायचीच नाही. बॅगेत तिचा स्वयंपाकाचा ॲप्रन असे, पिवळ्या फुलांचा. सामन्याआधी प्रत्येक पिचरने तो घालून पाठीमागे स्वतःच्या हातांनी गाठ मारायची. सहा फुटी मुलं फुलाफुलांचा ॲप्रन घालून रांगेत उभी राहत, बाकीचे शिट्ट्या मारत, आणि मावशी गाठीकडे न बघता चेहऱ्याकडे बघे. हात मागे जाताना डोळा जरा जरी बारीक झाला की, “बस. तू आज नाही.” मुलगा कुरकुरला तर ती मराठीतच सुनावायची, “हात आहे तो, भाड्याची सायकल नाई!” त्यांना शब्द कळत नसत, पण ते बसत.

गेला हंगाम वाईट गेला. बेसबॉलमध्ये जो पिचर सामना सुरू करतो तो निम्म्याहून जास्त सामना एकट्याने ओढतो. असे तीन भरवशाचे पिचर क्लबकडे होते. पहिल्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं. दुसरा पावसात ट्रामच्या रुळावर सायकलवरून पडला आणि मनगट मोडून घेतलं. तिसरा योरिस, एकोणीस-वीस वर्षांचा, सगळ्यांत गुणी. एका शनिवारी त्याचा हात ॲप्रनच्या गाठीपर्यंत पोचलाच नाही. मावशीने त्याला महिनोन्महिने बसवलं. मग बदली म्हणून जे आले ते बघवत नव्हतं. एकाचा चेंडू फलंदाजाकडे सोडून बाकी सगळीकडे जायचा. दुसरा पहाटे बेकरीत काम करून यायचा आणि तिसऱ्या डावात त्याच्या पायांत त्राण नसायचं. तिसरा होता प्रशिक्षकाचा मेहुणा, एवढीच त्याची पात्रता. त्याने एका सामन्यात लागोपाठ दोन फलंदाजांच्या बरगड्यांत चेंडू घातले आणि वर हसला. मी बाकावर बसून हे बघायची. संघ हरत गेला, लीगच्या खालच्या वर्गात घसरायची वेळ आली. सामना संपला की क्लबहाऊसमध्ये बिअरचे ग्लास घेऊन चर्चा एकच, शुभा योरिसला कधी सोडणार? जणू तो तिने घरी कोंडून ठेवला होता.

एकदा अध्यक्ष तिच्या टेबलाशी आले. “शुभा, मुलगा म्हणतो तो बरा आहे.”

“मुलगा म्हणेलच. त्याची आई काय म्हणते ते विचारा.”

“आपण खालच्या वर्गात जाऊ.”

“जाऊ. तिथेही मैदान असतंच ना?”

हे बोलणं इंग्रजीत झालं. घरी येताना सायकलवर ती मला म्हणाली, “पोट्ट्याचा खांदा गेला तर हे लोक त्याले फुलं पाठवतीन. बस.” त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला होता. मग मात्र तिने जे केलं त्याला मी काय म्हणावं... उरलेल्यांचे हात सरावात झिजू नयेत म्हणून फलंदाजांना सरावाचे चेंडू ती स्वतः टाकू लागली. साठीला आलेली बाई, बादल्यांनी चेंडू, एकामागून एक. कोणीही तिला थांबवलं नाही. उलट सगळ्यांची सोय झाली.

उन्हाळ्यात तिचा उजवा खांदा दुखायला लागला. ही चूक फक्त तिच्याकडूनच होऊ शकत होती. दुसऱ्या कुठल्याही बाईने खांदा का दुखतोय असं विचारलं असतं. हिने विचारलंच नाही, कारण तिला उत्तर माहीत होतं. हुइसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, मी तिच्यासोबत गेले होते. खुर्चीत बसताबसताच तिने सांगून टाकलं, “मी पिचिंग कोच आहे. हा फेकणाऱ्याचा खांदा आहे.” डॉक्टर हसले. पेशंट स्वतःच निदान घेऊन आल्यावर काम सोपं होतं. पॅरासिटामॉल घ्या, थोडी विश्रांती, रबरी पट्ट्यांचे व्यायाम. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला, छातीला नळी लावली नाही. मग क्लबचा फिजिओ, मग पुन्हा पॅरासिटामॉल. आणि विश्रांती? “पोट्ट्यायले कोण टाकीन?” हे तिचं ठरलेलं उत्तर. दुसऱ्याला डोळा बारीक केल्याबद्दल बसवणारी ही बाई स्वतः दात आवळून चेंडू टाकत होती, आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांना ते दिसत होतं.

ऑगस्टमध्ये एकदा जेवताना मी तिच्याकडे बघत राहिले. उजव्या डोळ्याची पापणी खाली आली होती.

“अशी काहून पाहून राहिली?”

“मावशी, तुझा डोळा...”

“झोप नाई झाली वं.”

करंगळी बधिर झाल्याचं ती त्यानंतर बोलली, तेही सहज, भात कालवता येत नाही म्हणून. काकांनी ऐकलं मात्र, ते ताटावरून उठले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला न विचारता काहीतरी केलं, डॉक्टरांना फोन लावला. या वेळी स्कॅन झाला. खांद्यात काहीच नव्हतं. फुप्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला गाठ होती, खांदा, करंगळी, पापणी, सगळ्यांकडे जाणाऱ्या नसांवर बसलेली. जिने कधी सिगारेट ओढली नाही तिला. निदान उशिरा झालं आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला सौम्यपणे सांगितलं. इथले लोक सगळंच सौम्यपणे सांगतात.

ती हॉस्पिटलमध्ये असतानाच हंगामाचा शेवटचा सामना आला आणि अध्यक्षांनी योरिसला उभा केला. बॅगेतून ॲप्रन कोणी बाहेर काढलाच नाही. पाचव्या डावात त्याचा खांदा गेला. सामना हरले, संघ खालच्या वर्गात गेला, सगळंच व्यर्थ. काही दिवसांनी योरिस मावशीला भेटायला आला. एक हात गळ्यातल्या झोळीत, दुसऱ्या हातात फुलं. त्याला बघताच मावशी उशीवरून अर्धी उठली.

“तुला कोणी सांगितलं फेकायला?”

“कोणी नाही. मीच हो म्हटलं.”

“मी काय शिकवलं होतं तुला? दुखलं की काय करायचं?”

त्याने फुलं पलंगाच्या कडेला ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, “शुभा, तू फेकत होतीस. आम्ही सगळे बघत होतो. तू खांदा धरायचीस आणि पुन्हा फेकायचीस. मला वाटलं... असंच करायचं असतं.”

मावशीने तोंड भिंतीकडे वळवलं. तो गेल्यावर मला म्हणाली, “वाटोळं केलं मी त्याचं.” मी नाही म्हणायला हवं होतं का, हे लोक ठरवोत. ते खरं होतं आणि तिला ते कळलं होतं, म्हणून मी तिचा हात धरून नुसती बसले. पुढचे सगळे आठवडे ती घरी आली काय, पुन्हा दवाखान्यात गेली काय, तिच्या डोक्यात तेवढं एकच होतं. योरिसचा व्यायाम सुरू झाला का? त्याला सांग, घाई नको. बाकीच्या पोट्ट्यांना सांग, माझं पाहून काही करू नका.

आणि मग क्लबने फोटोखाली ती ओळ लिहिली.

ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी क्लबने आम्हाला बोलावलं होतं. सरावाच्या जाळीला मावशीचं नाव द्यायचं ठरलं होतं. क्लबहाऊसमध्ये कॉफी, सफरचंदाचा केक, आणि टेबलावर तयार बोर्ड. तिचं नाव, तोच फोटो आणि तीच ओळ. काका मान डोलावत होते, ते सगळ्यांनाच मान डोलावतात. मी चारचौघांत बोलणारी नाही. पण मी अध्यक्षांना म्हटलं, “ही ओळ काढा.”

“पण हा गौरव आहे,” ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं, हेच सगळ्यात किळसवाणं होतं.

“ही तिची चूक आहे. तिने ती शेवटपर्यंत बोलून दाखवली. दुखलं की बसायचं, ते लिहा.”

मागे उभा असलेला योरिस डचमध्ये म्हणाला, “ती बरोबर बोलते आहे.” त्याचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. अध्यक्षांनी दोघांकडे समजूतदारपणे बघितलं आणि सांगितलं की विचार केला असता, पण बोर्ड छापून झालाय. तो त्याच दुपारी लागला. टाळ्या वाजल्या. लहान मुलांचा संघ त्याच्याखाली उभा राहून फोटो काढत होता... मी केक तसाच ठेवून बाहेर आले.

तिथून आम्ही घरी आलो. काका सोफ्यावर बसले, मी चहा ठेवायला गेले. भांड्यासाठी सवयीने वरचं कपाट उघडलं, तर ते रिकामं. शेजारचं उघडलं, तेही रिकामं. कागद अंथरलेला, त्यावर डब्यांचे गोल डाग, डबे नाहीत. साखर, चहा, पोहे, डाळी, मिसळणाचा डबा, काकांचे आवडते मोठे मग, सगळं खालच्या खणांत दाटीवाटीने लावलं होतं. कमरेच्या वर काही नव्हतंच. कधीतरी उन्हाळ्यात, काका ऑफिसला गेल्यावर, तिने एका हाताने अख्खं स्वयंपाकघर खाली उतरवलं होतं आणि आम्हाला वेळेवर जेवायला वाढलं होतं. मला इतका राग आला की मी एकेक डबा काढून पुन्हा वर लावायला लागले. काका दारात येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातला साखरेचा डबा घेतला आणि वाकून जिथल्या तिथे ठेवला.

“राहू दे गं,” ते म्हणाले. “तिला वरचं पोचत नाही.”

मी बाकीचे डबेही खाली ठेवले. आता दर रविवारी मी तिकडे जाते. ते कपाट मला बघवत नाही. काका उंच आहेत, त्यांची कंबर दुखते, पण चहा-साखरेसाठी ते खाली वाकतात. मीही वाकते.