जोत्यातली माती

झुलाल नानांना मातीतलं कळतं, हे दोंडाईच्याच्या आसपासच्या चार गावांत कुणाला सांगावं लागत नसे. कुणाला शेत घ्यायचं असलं, की सौद्याआधी लोक नानांना मोटारसायकलवर मागे बसवून नेत. नाना बांधावर चपला काढत, ढेकूळ उचलत, मुठीत दाबून फोडत आणि नाकाशी नेत. मग सांगत, इथं कापूस चांगला येईल, पलीकडे भुईमूग लावू नका, त्या कोपऱ्यात दोन हातांवर चुनखडी लागेल. खणल्यावर चुनखडी लागायचीच. या कामाचा मोबदला म्हणजे एक कप चहा, तोही बिनसाखरेचा.

अशा माणसाने बासष्टाव्या वर्षी स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधायला काढलं, तेव्हा ते नीटच होणार, अशी सगळ्यांची खात्री होती. ठेकेदार नको, असं नानांनी आधीच ठरवलं होतं. मिस्तरी मात्र दोंडाईच्याचा चांद. पन्नाशीचा, कमी बोलणारा, कामावर पोचला की आधी ओळंबा सोडून कालचं काम तपासणारा माणूस. नानांनी त्याच्याकडून बरंच शिकून घेतलं. सिमेंटची गोणी आली की नाना तिच्यात हात घालून बघत. आत गार लागलं तर माल ताजा. रेतीची ट्रॉली रिकामी करायच्या आधी मूठभर रेती काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेवत आणि वर गाळाचा जाड थर बसला तर ट्रॉली परत पाठवत. सिमेंट जमिनीवर कधी ठेवलं नाही, खाली फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. विटा रात्रभर हौदात. स्लॅबवर गोणपाट अंथरून दिवसातून तीन वेळा पाणी मारलं ते स्वतः नानांनी, मजुरावर सोडलं नाही. प्रमिलाबाई म्हणत, एवढी निगा लग्नानंतर माझी राखली असती तर.

पायाच्या वेळी चांदने कडक मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं. पाच फुटांवर लागला नाही, सहावर लागला नाही, साडेसातवर लागला. नानांनी एक शब्द काढला नाही. अडचण आली ती जोत्याच्या भरावाला.

जोतं जमिनीपासून तीन फूट वर घेतलं होतं. भिंतींच्या मधली ती पोकळी भरायला चांदने चौदा ट्रॉल्या मुरूम सांगितला. त्याच आठवड्यात नानांच्या नदीकडच्या शेतात शेततळ्याचं खोदकाम सुरू होतं. काळीभोर, लोण्यासारखी माती ढिगाने बाहेर पडत होती. नानांनी त्याच ट्रॉल्या घराकडे वळवल्या. चांदने पहिला ढीग पाहिला आणि थापी खाली ठेवली. ही माती भरावाला चालत नाही, असं त्याने एकदा सांगितलं. दुपारी पुन्हा सांगितलं. मजूर हात थांबवून ऐकू लागले, तसा नानांचा आवाज चढला.

"मुरूम म्हंजे मरेल माटी. मनी सोनानी माटी सोडीसन मरेल माटी घरमा कसाले भरू?"

चांद म्हणाला, "नाना, हाई माटी फुगस. वावरमा चांगली, घरमा नही."

"चाळीस वरीस व्हयनात माले ह्या माटीमा. तू माले माटी शिकाडशी का?"

मजूर हसले. एक जण म्हणाला, मिस्तरी, तुम्ही आपल्या विटा मोजा. चांदही ओशाळं हसला. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही. धुम्मस घेऊन त्याने ती माती थराथराने ठोकली, वर सिमेंटचा कोबा केला, कोब्यावर दोन बाय दोनच्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या. सांध्यात नख जाणार नाही असं काम.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरभरणी झाली. मुलगी रूपा मुलांना घेऊन आली, अंगणातल्या निंबाला झोका बांधला, पुरणाचे मांडे झाले. आलेला प्रत्येक जण चपला बाहेर काढून त्या टाइल्सवर पाय घासून बघत होता. गावातल्या माध्यमिक शाळेतले लीलाधर सर दोनदा आले आणि जाताना चांदला म्हणाले, दिवाळीआधी माझा पाया तूच काढायचा.

श्रावणातला तिसरा सोमवार. आठ दिवस झड लागलेली होती, त्या दिवशी उघडीप पडली होती. दुपारी नाना पुढच्या खोलीत खाटेवर आडवे झाले होते. प्रमिलाबाई आत उपासाची भगर शिजवत होत्या. एकाएकी ट्रकचं टायर फुटावं तसा आवाज झाला. नाना उठून बसले. खोलीच्या मधोमध चार टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या होत्या. नाना बघत असतानाच पुढची ओळ कडकडत उचलली गेली, मग तिच्या पुढची. स्वयंपाकघराच्या पडदीवर, त्या मधल्या पातळ भिंतीवर, तिरपी चीर खालून वर सरकत गेली, कुणी अदृश्य हाताने पेन्सिल ओढावी तशी. आतून प्रमिलाबाईंनी दार ओढलं, ते हललं नाही. त्या मागच्या दाराने घराला वळसा घालून धावत आल्या. हातात डाव तसाच होता.

"घर बसनं का हो?" त्यांनी विचारलं.

नाना उभ्या टाइल्सकडे बघत होते. घर बसतं, भिंत खचते, हे त्यांनी ऐकलं होतं, पाहिलंही होतं. पण खालची जमीन वर येते? कोणी पाठीने ढकलावं तशी? ते खाटेवरून पाय खाली सोडायला तयार नव्हते. प्रमिलाबाईंनी हाताला धरून त्यांना बाहेर आणलं.

अर्ध्या तासात अंगण भरलं. ज्याला त्याला कारण सापडलं होतं. कुणी म्हणालं प्लॉटच वाईट, कुणी म्हणालं दार दक्षिणेला नको होतं. शेवटी सगळे एकावर आले, की मिस्तरीने सिमेंट चोरलं. लीलाधर सर चीर बोटाने तपासत म्हणाले, "चांदने आपल्या गावाला फसवलं. मी शिंदखेड्याचा मिस्तरी आणतो." आणि सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना सुन्न बसले होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गावाने ते हो धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना एकटेच आत गेले. उचकटलेली टाइल बाजूला ठेवली, खालच्या कोब्याचा फुटलेला तुकडा काढला आणि भोकात हात घातला. गार, चिकट गोळा हाताला लागला. सवयीने त्यांनी तो नाकाशी नेला. नदीकडचं शेत. डोळे बांधून दिला असता तरी ओळखला असता.

नाना तसेच उकिडवे बसून राहिले. चैत्र-वैशाखात याच शेताला भेगा पडत. एका भेगेत त्यांची वखराची लाकडी मूठ एकदा पूर्ण गडप झाली होती. आषाढात चार पाऊस झाले की तीच जमीन फुगून भेगा मिटवून टाकायची, इतकी गच्च, की इथं भेग होती हे सांगून खरं वाटू नये. चाळीस उन्हाळे आणि चाळीस पावसाळे ही जमीन त्यांच्या डोळ्यांपुढे उघडली होती आणि मिटली होती. तीच माती त्यांनी चार भिंतींत कोंडली, वरून टाइल्सचं झाकण लावलं आणि ती गप्प पडून राहील असं धरून चालले. जे शेतात पोराटोरांना दिसतं, ते त्यांना घरात दिसलं नव्हतं. मातीचा गोळा टाकून त्यांनी हात धुतला, पुन्हा धुतला.

हे त्यांनी प्रमिलाबाईंनाही सांगितलं नाही. सांगायचं कसं? ज्याला मातीतलं कळतं तो माणूस मातीनेच फसला, असं? पंधरा दिवस ते पारावर गेले नाहीत. शेत बघायला चला म्हणून बोलावणं आलं, तर कंबर धरली म्हणून सांगितलं.

चांद सोळाव्या दिवशी आपणहून आला. अंगणात कुणी नाही अशी वेळ त्याने साधली होती. त्याने भोकात हात घातला, माती चोळून पाहिली, मग गच्चीवरून येणारा पाइप बघितला. पावसाचं पाणी जोत्याच्या अगदी कडेला पडत होतं आणि मोरीचा सांधाही झिरपत होता. घर वाचेल, असं तो म्हणाला. मुख्य भिंती कडक मुरमावर आहेत, त्या हललेल्या नाहीत. पडदी तेवढी कोब्यावर उभी होती म्हणून फाटली. फरशी सगळी काढायची, काळी माती तळापर्यंत उपसायची, मुरूम अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थराने भरून पाणी मारून ठोकायचा, आणि पाइप भिंतीपासून लांब न्यायचा. घराभोवती बाहेर उतार देऊन तीन फुटांचा पट्टा करायचा.

नाना ऐकत होते, पण त्यांना वेगळंच विचारायचं होतं. गावात तुझ्या नावाने काय चाललंय ते ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. ठाऊक आहे, चांद म्हणाला, लीलाधर सरांचा फोन आला होता, काम काढून घेतलं.

"मंग तू सांगं का नही? मनी माटी व्हती. तू ना म्हनेल व्हता."

चांदने हात पुसले. "काय सांगू? मिस्तरी मी व्हतू. माले माहीत व्हतं आनि मी ठोकी दिनी. मी धुम्मस खाले ठीसन घर जावाले पाहिजे व्हतं."

नानांना कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. चांद चहा न घेताच गेला. प्रमिलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दसरा झाला. एका सकाळी नाना दारात दात घासत होते आणि समोरून ट्रॅक्टर गेला. मागच्या ट्रॉलीत माती होती. काळीभोर. पाठोपाठ दुसरा ट्रॅक्टर. नानांनी ड्रायव्हरला हटकलं, तर तो म्हणाला, लीलाधर सरांचा भराव चाललाय, त्यांच्याच शेताची माती.

नाना तोंडात फेस तसाच घेऊन निघाले. चूळ भरायचंही सुचलं नाही. मिस्तरीचा दोष म्हणून गाव मोकळं झालं होतं. मातीवर कुणी बोट ठेवलंच नव्हतं. ठेवणार कोण? ज्याने ठेवायचं तो घरात कंबर धरून बसला होता.

सरांच्या जोत्यात निम्मा भराव झाला होता. शिंदखेड्याचा मिस्तरी विडी ओढत होता, सर हौसेने ढीग पसरवून घेत होते. नानांनी त्यांना थांबवलं आणि ही माती उपसा, असं सांगितलं.

सर हसले. "नाना, दोन वर्षांपूर्वी हे शेत घेताना तुम्हीच म्हणाला होतात, माती नाही, सोनं आहे."

"कापूसले सांगेल व्हतं. घरले नही." नानांचा आवाज इतका मोठा झाला, की मजूर वळले. "चांदनी कायबी चूक नही. तेनी दोन येळा ना म्हनं. मी ऐकं नही. मनाच वावरनी माटीनी मनं घर फाडं."

सरांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी थिजलं. ते पायाखालच्या मातीकडे बघत राहिले, मग एक पाऊल मागे सरकून जोत्याच्या भिंतीवर चढून उभे राहिले. शिंदखेड्याच्या मिस्तरीने विडी विझवली. आपल्याला मालकाने जे दिलं ते भरलं, एवढं पुटपुटला.

"आणि हे तुम्हाला केव्हा कळलं?" सरांनी विचारलं.

"दुसरा दिनलेच."

"दोन महिने झाले, नाना. त्या माणसाला मी फोनवर काय काय बोललो. तुम्ही गप्प का बसलात?"

"लाज वाटनी," नाना म्हणाले.

सर यावर रागावले नाहीत, ते नानांना जास्त जड गेलं. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हात करून थांबवलं. मग खिशातून फोन काढला, चांदचं नाव शोधलं, आणि बटण दाबून फोन स्वतःच्या कानाला न लावता नानांपुढे धरला.

पलीकडे चांद कुठल्यातरी कामावर होता. मिक्सर फिरत असल्याचा आवाज येत होता. नानांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग सगळे ऐकत असताना, लेकराने मास्तरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "लीलाधर भाऊना घरले मुरूम लागी, चांद. कितल्या ट्रॉल्या, तू सांग."

मिक्सर थांबला. पलीकडून चांदने खोल्यांची लांबी-रुंदी विचारली.