आरशावरचा टॉवेल

पार्लर म्हटलं की दिवसभरात जमिनीवर केस साचतात आणि डोक्यात किस्से. केस निदान झाडून तरी टाकता येतात! औरंगपुऱ्यात पहिल्या मजल्यावर माझं पार्लर आहे, त्याला बारा वर्षं झाली. मी आणि नसीम, आम्ही दोघीच. थ्रेडिंग आणि फेशियल ती बघते, बाकीचं मी, आणि तोंडं दोघींचीही चालतात. बाई एकदा खुर्चीत आडवी झाली, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या, की जे घरच्यांना सांगत नाही ते आम्हाला सांगते. त्यातलं बरंचसं पोटातच ठेवावं लागतं. पण काही किस्से सांगण्यासारखे असतात.

* * *

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. अपॉइंटमेंटच्या वहीत नसीमनं लिहून ठेवलं होतं, "कमलकाकू, पडेगाव, अकरा वाजता, वांगे."

"नसीम, हे वांगे काय?"

"फोनपे वहीच बोले ना बाजी. खेत है उनका, ला रहे होंगे अपने वास्ते!"

मी खूश! घरी सांगून टाकलं, आज भाजी आणू नका, संध्याकाळी भरीत.

अकरा वाजता काकू आल्या. स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा अख्ख्या तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे दिसत होते. हात रिकामे.

"काकू, वांगी कुठायत?"

काकूंनी इकडंतिकडं पाहिलं, हळूच स्कार्फ खाली केला आणि म्हणाल्या, "तोंडावर हायत की!"

दोन्ही गालांवर काळसर डाग. वांग! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काकूच आधी हसल्या, म्हणून वाचले.

* * *

खुर्चीत बसल्या बसल्या काकूंनी डोळे गच्च मिटले. म्हणाल्या, "तेवढा आरसा झाका."

मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "वीस वर्षं झाली, मी फोटो काढला नाय. दिवाळीनंतर आमच्या वैशूचं लगीन हाय. पोरगी म्हणती, आई फोटोत पायजेच. आता फोटोत नसले तर लोक काय म्हणतील, आन असले तर काय म्हणतील, ह्याच्यातच माझी झोप उडालीय."

नसीमनं आरशावर निळा टॉवेल टाकला. त्यानंतर काकू यायच्या म्हटलं की टॉवेल आधी चढायचा.

एकदा तो काढायचा राहिला. पुढच्या कस्टमरनं विचारलं, "आज आरशाचंपण फेशियल आहे का?"

* * *

वांग काही फेशियलनं जात नाही. मी काकूंना सरळ स्किनच्या डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टरांनी क्रीम दिलं, सनस्क्रीन दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "फिकट होतील, पण अगदी जातीलच असं नाही. बाहेर पडायच्या आधी रोज फेसला लावायचं."

आठ दिवसांनी काकू सनस्क्रीनची ट्यूब घेऊन परत. ट्यूब निम्मी संपलेली!

"काकू, एवढं लावायचं नसतं हो."

"मी कुठं लावलं? आमच्या ह्यांनी सकाळी दाढीला घेतलं. धा मिनटं ब्रश फिरवत बसले, फेसच येईना! मी म्हनलं, आवो, डॉक्टर म्हणले फेसला लावा. तुम्ही फेसासाठी लावलं!"

काकांना मात्र ते आवडलं. दिवसभर शेतात उन्हात असतात, चेहऱ्याची आग झाली नाही म्हणे. तेव्हापासून पडेगावला दोन ट्यूबा जातात.

* * *

आमच्या नसीमला एका गोष्टीचा भयंकर राग आहे, "गोरी करा" म्हटल्याचा.

एक मावशी भाचीला घेऊन आल्या. पोरगी छान, तरतरीत, सावळी. मावशी तिच्यासमोरच म्हणाल्या, "परवा पाहुणे येणारेत. दोन दिवसांत जरा उजळ करून द्या."

पोरीची मान खाली गेली. नसीमनं हातातला दोरा खाली ठेवला.

"मावशी, रंग उतारना है तो बाजूमें लॉन्ड्री है ना. इधर कायकू आये?"

मावशी तरातरा निघून गेल्या. भाची जिन्यातून परत आली आणि म्हणाली, "माझ्या आयब्रो राहिल्यात."

* * *

मुकुंदवाडीच्या एक मॅडम आहेत, बँकेत असतात. मोबाइलवर काय काय बघून त्यांनी ठरवलं की रविवारी अर्धा तास स्वतःसाठी. सेल्फ-केअर! माझ्याकडून मुलतानी मातीचा पॅक घेऊन गेल्या. मी बजावलं, वाळेपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर तडे जातात.

रविवारी दुपारी त्यांच्या मिस्टरांचा फोन. आवाज घाबरलेला.

"ताई, तुम्ही हिला काय दिलंय? आई आणि ही एका खोलीत बसल्यात. वीस मिनिटं झाली, दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीयेत. भांडण झालंय का?"

सासूबाईंनीपण पॅक लावून घेतला होता! नंतर मॅडमनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मलापण लाव गं. अर्धा तास मलापण कुणी हाक मारायला नको."

* * *

दिवाळी झाली, वैशूचं लग्न आलं. सकाळी मायलेकी पार्लरमध्ये. काकूंचे डाग थोडे फिकट झाले होते, गेले नव्हते. मी जाड कन्सीलर काढला, चांगले तीन थर चढवले.

काकू म्हणाल्या, "पूस."

"अहो काकू, फोटो..."

"तोंड जड झालंय. पोरीच्या लग्नात हसता तरी आलं पायजे. पूस, आन तो टॉवेल काढ."

टॉवेल निघाला. काकू आरशात बघत बसल्या. बराच वेळ. वैशू मुंडावळ्या हातात धरून मागं उभी.

"बरी हाय की मी!" काकू म्हणाल्या.

नसीम म्हणाली डोळ्यात पावडर गेली. पावडरचा डबा बंद होता. माझेही डोळे भरून आले होते, उगाच खोटं कशाला सांगू?

* * *

महिन्यानं काकू परत आल्या. स्कार्फ गळ्यात. एका हातात पिशवीभर वांगी, खरीखुरी! दुसऱ्या हातात लग्नाचा अल्बम.

आम्ही अल्बम उघडला. स्टेजवर वैशू, जावई, काका, आणि काकांशेजारी काकू. चेहरा अगदी गुळगुळीत, दुधासारखा. एक डाग नाही. नसीम माझ्याकडं बघायला लागली, मी नसीमकडं.

काकूंनी माझ्याच फोनवरून फोटोग्राफरला फोन लावला. स्पीकर चालू.

"दादा, माझ्या नवऱ्याशेजारी ही कोन बाई उभी केली?"

"काकू, तुम्हीच आहात! तुमचे डाग काढले कॉम्प्युटरवर. आपल्याकडून फ्री!"

"कुनाला इचारून काढले? लावा परत!"

"अं? परत लावू?"

"हां. डावीकडं मोठा हाय, उजवीकडं बारके दोन. चुकवू नका."