खाटीक आणि ड्रॅगनांचा आठवा भाग

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या खाटकाचं एक ठाम मत होतं. ड्रॅगनांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी आधी एक बकरं सोलून बघावं.

"एका वारात मुंडकं उडवलं म्हणे!" सत्तूर हाणता हाणता तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "अहो, मानेत हाड असतं. मला दोन घाव घालावे लागतात, आणि यांचा राजपुत्र पळत्या घोड्यावरून तीन मुंडकी उडवतो. वर घामही नाही मेल्याला!"

तरी त्या ड्रॅगनांच्या मालिकेचे सात जाडजूड भाग त्यानं वाचलेच, पानापानावर रक्ताची बोटं उमटवत. अंतराळातल्या लढायांची मालिका मात्र चौथ्या भागात टाकून दिली. तिथं एका ओळीत लाखभर माणसं मरायची आणि रडायला कुणी नाही. "निदान एकाला तरी नाव द्यायचं," तो म्हणे.

सगळ्यात जास्त राग त्याला ड्रॅगनांच्या गोष्टीतल्या दुष्ट राजाचा. तलवार उपसायची आणि दोन पानं भाषण ठोकायचं. "ज्याला खरंच कापायचंय, त्याला बोलायला फुरसत असते होय?"

त्याला हे घरातूनच ठाऊक होतं. लेक फाटल्या ओठानं माहेरी आली, त्याला चार महिने झाले होते. दुकानामागच्या खोलीत राहायची. जावई दर आठवड्याला रस्त्यात उभा राहून गरजायचा, "सासरेबुवा, माझी बायको द्या, नाहीतर दुकान पेटवीन!" खाटीक मानही वर करत नसे. "खिमा देऊ का पावशेर?" एवढंच विचारायचा.

हात थांबला की सत्तूर लाकडी ठोकळ्यात खोल रुतवायचा, ही त्याची शिस्त. मनगटाला पीळ दिल्याशिवाय तो निघत नसे, आणि परक्याला तर निघतच नसे. पण त्या दुपारी आठवा भाग हातात पडला होता. किल्ल्याचं दार फुटायच्या बेतात होतं. खाटकानं सत्तूर ठोकळ्यावर नुसताच आडवा ठेवला आणि पान उलटलं.

जावई आला. ओरडला नाही.

त्या गप्प पावलांनीच खाटकाच्या अंगावर काटा आला. बघतो तर ठोकळा रिकामा, आणि सत्तूर मागच्या दारात, लेकीच्या डोक्यावर उगारलेला. त्यानं धावत जाऊन मध्ये हात घातला. दोन बोटं तुटून फरशीवर पडली. दुसऱ्या हातानं त्यानं जावयाचे केस धरले आणि तोंड चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात सांडले, सत्तूर निसटला, जावई कोसळला.

सत्तूर लेकीनं उचलला. नवऱ्याच्या मानेवर नजर रोखून ती उभी राहिली. एक शब्द बोलेना.

तेव्हा मात्र खाटीक खरा घाबरला.

"पोरी, बोल! शिव्या घाल त्याला! भाषण ठोक, पण बोल गं काहीतरी!"

"मेल्या..." लेकीचा आवाज फुटला. मग सहा वर्षांच्या संसारातलं सगळं बाहेर आलं. तापल्या उलथन्याचे चटके, मोरीत कोंडलेल्या रात्री, गेलेलं मूल. जावई रक्त गिळत ऐकत होता. सगळं बोलून झालं तशी ती नवऱ्यापासून मागे सरली. तिनं ठोकळ्यापाशी जाऊन सत्तूर खोल रुतवला, अगदी बापासारखा. मग पोलिसांना बोलावलं.

बोटं काही जोडता आली नाहीत. आता दुकानात लेक कापते आणि खाटीक शेजारी बसून वाचतो. परवा आठव्या भागात दुष्ट राजानं तलवार उपसली आणि भाषण सुरू केलं.

"आला का तुमचा बडबड्या?" लेकीनं विचारलं.

"बोलू दे त्याला," खाटीक म्हणाला, आणि उरलेल्या बोटांनी सावकाश पान उलटलं.