शिरगणतीत माझं मी सांगितलं

आमच्या घरमालकीण मावशी त्या दुपारी ओट्यावर होत्या, म्हणून शिरगणतीत माझी नोंद माझ्या तोंडून झाली. हे आधीच सांगते, कारण त्यात माझी हुशारी काही नव्हती.

मी सांगलीकडची. आठवीत शाळा सोडली. पोरं ज्या नावानं चिडवायची ते इथं लिहीत नाही. आता नागपुरात गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करते, मावशींच्या मागच्या खोलीत राहते. बरं चाललंय. फक्त कुणी सरकारी माणूस दिसला, की त्यानं न मागता मी कागदांची फाइल पुढे करते.

गणनेचे गुरुजी मोबाइल घेऊन आले, तेव्हाही तेच केलं. त्यांनी नाव विचारलं, मी शाळेचा दाखला दिला. त्यावर मुलाचं नाव. तेवढं वाचून त्यांनी 'पुरुष'वर बोट टेकवलं. पुढच्या मोजणीपर्यंत आता मी तशीच राहणार, एवढंच डोक्यात.

"कागद काहून दाखवून राहिली वं?" मावशी म्हणाल्या. "मागितला का त्यायनं?"

"नाही मागितला," गुरुजी म्हणाले. "समोर आला म्हणून पाहिला."

"मंग तिले विचारा ना. आमच्या सासऱ्याच्या टायमाले मोजणारा जुनी जात लिहून मोकळा झाला होता. सासरा म्हणे, आमी बौद्ध झालो, ते लिहा, मंगच चहा भेटन."

"भेटला का मग चहा?"

"खोडून लिहिलं, तवा भेटला."

गुरुजी हसले. दाखला मला परत देत म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा. काय लिहू?"

'स्त्री' म्हणायचं, असं मी पाठ करून ठेवलं होतं. निभलंही असतं. पण सगळ्याच असं म्हणाल्या, तर आमच्यासारख्यांना कोण मोजणार? फक्त मावशी ऐकत होत्या, आणि त्यांना मी कधी उघड सांगितलंच नव्हतं.

"ट्रान्सजेंडर," मी म्हणाले.

गुरुजींनी आधीचं बदललं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. मी मावशींकडे बघायचं टाळत होते.

"मले ठावंच होतं," त्या म्हणाल्या. "आता चहा टाक, तिघांचा."

मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, येईन म्हणतो. तो आला काय, न आला काय, रामदासपेठेच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी बसेन. हे उपकार कधीतरी मी फेडणार आहे. सुरुवात तिथून करीन.