नाव न घेतलेलं फूल

परवा रोपवाटिकेत कुंडीत लावलेली कळलावी विकायला ठेवलेली दिसली. पाकळ्या मागे उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाशी लालभडक. लोक कौतुकानं किंमत विचारत होते आणि मी मात्र दोन पावलं मागे सरले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा जवळा बाजार या गावाच्या कडेला राहत होतो. माझे पती बसवर ड्रायव्हर. त्यांची गाडी मुक्कामी असली की घरात सासूबाई आणि मी, दोघीच. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. पहिलं बाळ सातव्या महिन्यातच गेलेलं, आणि आता मला पुन्हा सहावा लागला होता. कुणी काही विचारू नये म्हणून मी माणसांपेक्षा परसातच जास्त रमे. उन्हाळ्यात परस भरून घ्यायला औंढ्याकडच्या डोंगरातली माती आणली होती. श्रावणात त्या मातीतून, कुणीही न लावलेला एक वेल वर आला. त्याच्या पानांची टोकं लांब होऊन वळलेली; त्या टोकांनीच तो काट्यांचं कुंपण धरून चढत होता. फुलं आली ती आधी हिरवट, मग पिवळी, आणि एका सकाळी सगळं कुंपण पेटल्यासारखं लाल. हे काय असावं, या कुतूहलात माझे जड दिवस थोडे हलके झाले. पतींना विचारलं तर म्हणाले, "रानातलं कायतरी." आत्यांना विचारलं, तर डाळ निवडता निवडता मान वर न करताच त्या म्हणाल्या, "असंल."

नाव कळलं ते शेजारणीकडून. तिची शेळी आमच्या परसात शिरली होती. तिला ओढून नेताना शेजारीण कुंपणापाशी थबकली. "अगं बाई, ही तं कळलावी! पोटुशी बाई घरात असताना दारात काहून ठेवली? हिच्यानं कळा लागतात."

ती गेली आणि परस एकदम परकं झालं. मी खुरपं घेऊन धावले. आत्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "वाकू नको. कंद पोटात गेला तर ईख हाय, जीव जातो. फूल बघून कुणाला कळा येत न्हाईत." मला ते पटत होतं, पण भीतीला पटत नव्हतं. बाळ हललं तरी धस्स व्हायचं, हललं नाही तर त्याहून जास्त. परसाकडचं दार मी लावूनच घेतलं. तरी बंद दारामागे ती लाली मला दिसत राहायची.

सातवा सरत आला आणि एका दुपारी खरंच पोटात कळ आली. आत्यांनी रस्त्यावर जीप थांबवली. वसमतच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. त्यांचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "या बाळंतपणाच्या कळा नाहीत. घरी जा, आराम करा." दवाखान्याच्या पायरीवर आत्या मटकन खाली बसल्या.

कार्तिकात, दिवस पुरे भरून, मुलगी झाली. तोवर वेल वाळून गेला होता. शेक देताना आत्या सहज बोलून गेल्या, "मला ती पयल्या पानालाच वळखू आली व्हती."

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"तू तिच्याकडं बघून हसलीस. पयलं लेकरू गेल्यापासून पयल्यांदा. म्हणलं, राहू दे."

"तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. रोज वाटलं."

मुलगी रांगू लागायच्या आत त्यांनी कंद खणून लांब नेऊन पुरला.

आत्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या मुलीलाच यंदा दिवस गेलेत. फोनवर ती काहीबाही सांगत खळखळून हसते, आणि माझ्या ओठांपर्यंत शंभर सूचना येतात. हे खाऊ नको, तिकडे जाऊ नको, जिना जपून उतर. मी त्या गिळते आणि तिचं हसणं संपेपर्यंत नुसती ऐकत राहते. भ्यायचं काम आता माझ्याकडे आलं आहे.