आमच्या मंडळीचं प्रकाशवर्ष

चंद्रपूरला आमच्या चर्चच्या फाटकाशी एक काळा फळा होता. एका रविवारी त्यावर खडूने लिहिलेलं दिसलं : 'प्रकाशवर्ष आणि पवित्र शास्त्र. विद्वान वक्ते. सर्वांनी अगत्य यावे.' नव्वदचं दशक संपत आलं होतं. लिहिणाऱ्याला प्रकाशवर्ष म्हणजे काय ते माहीत नव्हतं, वाचणाऱ्यांना तर नव्हतंच. पण न कळलेल्या गोष्टीपाशी आमची मंडळी कधी अडून बसली नाही. मंडळी म्हणजे आमच्यात चर्चला येणारे सगळे लोक मिळून. आदल्या वर्षी या मंडळीने 'प्रार्थनावर्ष' पाळलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षी 'सेवावर्ष'. सेवावर्षात चर्चचं आवार दोनदा झाडलं गेलं, प्रार्थनावर्षात तेही नाही. त्यामुळे यंदाचं वर्ष 'प्रकाशवर्ष' म्हणून जाहीर झालंय असा अर्थ महिला मंडळाने लावला, आणि महिला मंडळाने एकदा अर्थ लावला की तो बदलण्याची हिंमत चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांतही नव्हती. पांढऱ्या साड्या ठरल्या. मेणबत्त्यांची मिरवणूक ठरली. एका बाईंनी गाणं रचलं. त्यात 'वर्षा' हा शब्द पावसाच्या अर्थाने आला होता आणि चारही कडव्यांत प्रकाश धो धो कोसळत होता.

मी तेव्हा गडचांदूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि दर शनिवारी बसने घरी येत होतो. अंगावर तिथल्या सिमेंट कारखान्यांची धूळ असायची आणि आपल्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं ही खात्रीही तितकीच चिकटलेली असायची. फळा पाहून मी पोट धरून हसलो. मग महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना गाठून त्यांना नीट समजावलं की प्रकाशवर्ष हे वर्ष नसतं, अंतर असतं. उजेड एका वर्षात जेवढा लांब जातो, तेवढं अंतर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं शिकणं बहुत झालं भाऊ, पण साड्या घेऊन झाल्या ना आता."

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं. आई हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "वक्ते कधी येऊन राह्यले?"

बाबा निवृत्त पोस्टमास्तर. अर्धी नोकरी त्यांनी गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत काढली होती. मी बारावीत होतो तेव्हा आम्ही अहेरीकडे राहायचो. तिथे हिवाळ्यात संध्याकाळी वीज गेली की आभाळ असं उघडं पडायचं की चंद्रपूरच्या कोळशाच्या धुरात राहणाऱ्या माणसाला ते खरं वाटू नये. अशाच एका संध्याकाळी मी बाबांना पोस्टाच्या मागच्या अंगणात नेलं आणि देवयानी दीर्घिका दाखवली. नुसत्या डोळ्यांना ती पुसट, धुरकट ठिपक्यासारखी दिसते. मी म्हणालो, "बाबा, हा उजेड तिथून निघाला त्याला वीस लाख वर्षांहून जास्त झाली." बाबा बराच वेळ मान वर करून उभे राहिले. त्यांच्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी स्वतः बारीक अक्षरात एक बेरीज मांडलेली होती. आदामापासून कोण किती वर्षांचा असताना त्याला मुलगा झाला, त्या मुलाला कधी झाला, असं करत करत सृष्टीचं वय सहा हजारांच्या आसपास येत होतं. ही बेरीज त्यांनी तीनदा तपासली होती.

"मंग माझं चुकलं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं," मी म्हणालो. सतरा वर्षांच्या माणसाला याहून मोठं उत्तर सुचत नाही.

तेव्हापासून बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाळकाला हा प्रश्न विचारत. एक म्हणाले प्रार्थना करा. दुसरे म्हणाले विज्ञान रोज बदलतं. तिसऱ्यांनी विषय बदलून निवृत्तिवेतनाची चौकशी केली. बाबांना आपलं पुस्तक खोटं मानायचं नव्हतं आणि आपला पोरगा खोटं बोलतो असंही मानायचं नव्हतं. कुणीतरी शहाण्या माणसाने दोन्ही एका जागी बसवून द्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. फळ्यावरचा मजकूर मंडळीत एकट्या त्यांनाच नीट कळला होता. व्याख्यानाच्या दिवशी त्यांनी सकाळीच शर्टाला इस्त्री केली.

वक्ते इंग्रजीत बोलणार होते. पाळकसाहेबांचं इंग्रजी पाहुण्यांना चहा विचारण्यापुरतं होतं, म्हणून दुभाषी म्हणून त्यांनी मला विचारलं. मी आनंदाने हो म्हटलं. बाबांना वाटलं, पोरगा अखेर मंडळीच्या कामाला लागला. मला मात्र हा तमाशा पुढच्या रांगेतून पाहायचा होता.

वक्ते दक्षिणेकडून आले. पिवळा टाय, चकचकीत बूट आणि स्लाइड दाखवायचं यंत्र. त्यांच्या नावामागे 'डॉक्टर' लागत होतं. कशाचे डॉक्टर ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे सभेआधीच दोन म्हाताऱ्यांनी त्यांना गुडघे दाखवले. तिसरी मधुमेहाचा कागद घेऊन रांगेत उभी होती. वक्त्यांनी तिघींच्याही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि त्या दिवशी त्यांनी केलेलं तेवढंच एक काम मला प्रामाणिक वाटलं.

मग व्याख्यान. दूरच्या ताऱ्यांचा उजेड सहा हजार वर्षांत आपल्यापर्यंत पोचलाच कसा, याची त्यांच्याकडे तीन उत्तरं होती. पहिलं : देवाने आदामाला तान्हं बाळ म्हणून घडवलं नाही, एकदम तरुण माणूस म्हणून घडवलं. तसंच ताऱ्याबरोबर त्याचा उजेडही पृथ्वीपर्यंत पोचलेलाच घडवला. म्हणजे उजेड वाटेतच निर्माण केला. दुसरं : पूर्वी उजेड फार जोरात पळायचा, आता दमून हळू झालाय. तिसरं : तिकडची घड्याळं वेगळी चालत होती, त्यामुळे तिकडे लाखो वर्षं गेली तरी इकडे आठवडाच झाला. माझ्या वर्गात एकाच दिवसाच्या गैरहजेरीसाठी ताप, मावशीचं लग्न आणि पंक्चर अशी तीन कारणं देणारा एक मुलगा होता. त्याला मी निदान ओरडत तरी असे. इथे मला प्रत्येक कारण मराठीत सांगायचं होतं.

मी इमानदारीने सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. फक्त जिथे थांबायला नको तिथे थांबलो. "उजेड..." म्हणायचो, पाण्याचा घोट घ्यायचो, मग "...दमला." मागच्या बाकांवर कॉलेजची पोरं खुसखुसत होती. वक्त्यांना मराठी येत नव्हतं, त्यांना वाटलं व्याख्यान रंगतंय. तेवढ्यात मी प्रकाशवर्षाची व्याख्या सांगायला लागलो आणि 'प्रकाशवर्ष' हा शब्द कानावर पडताच दारात ताटकळलेल्या महिला मंडळाला आपली वेळ आली असं वाटलं. पंचवीस-तीस बायका पांढऱ्या साड्यांत, पेटत्या मेणबत्त्या घेऊन, गात गात आत आल्या. पडद्यावरची आकाशगंगा त्या उजेडात पार धुऊन गेली. वक्ते हात जोडून उभे राहिले आणि पाळकसाहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सृष्टीच्या वयाचा प्रश्न त्या दिवशी सभागृहात सुटला तो एवढाच, असं मी नंतर कित्येक वर्षं सांगत असे आणि लोक हसत असत.

मिरवणूक संपली, बायका बसल्या, प्रश्न विचारा असं सांगण्यात आलं. बाबा उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "मी तेहतीस वर्षं टपालात होतो. पत्रावर शिक्का असते. ते कुठून निघालं, कोणत्या तारखेले निघालं, हे त्या शिक्क्यावरून समजते. मागच्या तारखेचा शिक्का मी जिंदगीत कोणाले मारून देल्ला नाई. आता तुम्ही म्हणता उजेड तिथून निघालाच नाई, वाटेतच बनवला. म्हणजे पत्र कोणी टाकलंच नाई, पण त्याच्यावर शिक्का हाय. लांबचा एखादा तारा फुटते, तो फुटताना आपल्याले दिसते असं मी वाचलं. तो उजेड वाटेतच बनवला असन तर तो तारा कधी फुटलाच नाई. मंग मी पाह्यलं ते काय पाह्यलं? मले देवावर संशय नाई घ्याचा साहेब. मले फक्त कोणीतरी समजावून द्या, का मी हे दोन्ही कसं मानू."

फिजिक्सची पदवी माझ्याकडे होती, पण वाटेत निर्माण केलेल्या उजेडातली खरी खोट या म्हाताऱ्याने एका शिक्क्यात पकडली होती. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी पिवळ्या टायकडे पाहून तोंडाला पाणी सुटलं. एवढा लांब प्रश्न मी इंग्रजीत एका वाक्यात सांगितला : माझे वडील विचारताहेत, तुमचा देव खोटे शिक्के मारतो का?

मागची पोरं हसली. एकाने बाक वाजवला. वक्त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते थंडपणे म्हणाले, आपल्या वडिलांना विचारा, त्यांनी श्रद्धा कधी सोडली. हे वाक्य मात्र मी कुठेही न थांबता, शब्दाला शब्द लावून मराठीत बाबांना सांगितलं. मला वाटत होतं की आता हा माणूस सगळ्यांसमोर उघडा पडला. बाबा खाली बसले. पाळकसाहेबांनी घाईघाईने शेवटचं गीत सांगितलं.

बाबा गेली सहा वर्षं दर रविवारी उपासनेत शास्त्रवाचन, म्हणजे मंडळीसमोर बायबलचं वाचन, करत. मोठा, ठसठशीत आवाज होता त्यांचा, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे उरलेलं काम तेवढंच होतं. पुढच्या शनिवारी पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला, बिस्किटं घेतली, हवेबद्दल बोलले आणि मग म्हणाले, "काही दिवस आराम करा. डोळ्यांनाही त्रास होत असेल." बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि त्यांना आता मुंगीचे पायही दिसत होते. बाबा म्हणाले, "ठीक हाय." शब्दाने कुठे बोलायचं आणि बिस्किटाआड कुठे लपायचं हे आमच्या पाळकसाहेबांना बरोबर कळायचं. त्या भित्र्या माणसाचा मला आजही राग येतो.

ते गेल्यावर मी तणतणलो. म्हणालो, या लोकांना प्रश्न सहन होत नाहीत, यांना माना डोलावणारे हवेत, बरं झालं आपण त्या टायवाल्याला सगळ्यांसमोर गप्प केलं. बाबा कप उचलून मोरीत ठेवत होते. पाठमोरेच म्हणाले, "तू त्याले काय सांगितलं ते मले समजलं."

बाबांना इंग्रजी कळणार नाही असं मी कशावरून धरून चाललो होतो, देव जाणे. तेहतीस वर्षं त्यांच्या हातातून इंग्रजी तारा गेल्या होत्या. कोण मेलं, कोण पास झालं, कोण कोणत्या गाडीने पोचतंय, सगळं त्यांनी वाचून लोकांना समजावून दिलं होतं, आणि त्यात एक शब्दही स्वतःच्या पदरचा घातला नव्हता.

"बाबा, त्याच्याजवळ उत्तर नव्हतंच," मी म्हणालो.

"नसन. असं असू शकते. पण मी विचारलंच कुठी? तू विचारलं."

"अर्थ तोच होता."

"नाई." ते वळले. रागावलेले नव्हते, ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "तुले त्याले हरवाचं होतं. मले उत्तर पाह्यजे होतं."

महिला मंडळ, पाळकसाहेब, पिवळा टाय, सगळ्यांना मी हसलो होतो. आणि त्या सगळ्या सभेत खरोखर काही जाणून घ्यायला आलेला एकच माणूस होता, त्याचं बोलणं पलीकडे पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. दर रविवारी चर्चला जात, शेवटच्या बाकावर बसत, दुसऱ्याचं अडखळत चाललेलं वाचन मान खाली घालून ऐकत. पाळक बदलले, नवे आले, त्यातले एकदोघे चांगले शिकलेले होते, घरीही येत. मी दर वेळी वाट पाहायचो की बाबा आता विषय काढतील. त्यांनी तो कुणापाशीच काढला नाही, माझ्यापाशीही नाही.