वाजवणाऱ्याची खुर्ची

राजुऱ्यात माझ्या अब्बांना सगळे 'बँडवाले चाचा' म्हणत. प्रेमाने म्हणतात, असं आई सांगायची. असेल. पण त्या प्रेमाचा मला लहानपणापासून संताप येत आलाय. वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला वरातीतला वाजंत्री समजायचं, त्याच्या क्लॅरिनेटला पिपाणी म्हणायचं, आणि वर म्हणे प्रेम!

अब्बा फौजेच्या बँडमध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बसस्टँडजवळ दोर, सुतळी आणि कंदिलांचं दुकान टाकलं. क्लॅरिनेट गल्ल्याशेजारी ठेवलेलं असे. दुपारी गर्दी ओसरली की ते काढायचे, आणि एकदा तोंडाला लावलं की मग कोणी का येईना. गोंडपिपरीहून आलेला शेतकरी बैलाच्या कासऱ्यासाठी ताटकळत उभा असला, तरी चाल पुरी झाल्याशिवाय दोराला हात लागत नसे. वर त्यालाच सुनवायचे, "अर्ध्यात सोडलं तर पाप लागते भाऊ." रस्त्याने वरात चालली आणि बाजा बेसूर वाजत असला, तर दुकान उघडं टाकून धावत जायचे आणि नवरदेवाची घोडी थांबवून वाजवणाऱ्याचा सूर लावून द्यायचे. मग लोक बँडवाले चाचा म्हणणार नाहीत तर काय! हे मलाही कबूल आहे. तरी राग जात नाही.

कारण लढाई सुरू झाली की फौजेतला बँड काय करतो, हे गावाने कधी विचारलंच नाही. मीही विचारलं नव्हतं. मी शाळेत असताना एका पावसाळ्यात शेजारचे भाऊ कौलं फेरताना छपरावरून पडले. लोक त्यांना पाठुंगळी मारून न्यायला निघाले, तोच अब्बा ओरडले, "हात नका लावू!" दुकानातून दोर आणला, कुंपणाचे दोन बांबू उपटले आणि बघता बघता स्ट्रेचर बांधलं. चौघांनी ते उचलल्यावर मागून बजावलं, "कदम मिळवू नका रे! कदम मिळवले का हे झुलते, पेशंटले दुखते." जन्मभर कदम मिळवून चाललेला माणूस हे सांगत होता. मग मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "लढाईत आम्ही बाजे ठेवून स्ट्रेचर उचलतो बेटा. गोळ्या चालू असतात, तिथून जखमी आणायचा." किती आणले, ते नाही सांगितलं.

दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर माजी सैनिकांच्या खुर्च्यांची रांग लागायची. झेंडावंदन झालं की त्यांना शाल आणि नारळ. अब्बांनाही बोलावणं यायचं, पण क्लॅरिनेट घेऊन. खांबाजवळ उभं राहून राष्ट्रगीत वाजवायचं आणि दुकानात परत यायचं. पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका झाले आणि एकदा कार्यक्रम समितीच्या सचिवांना विचारलंच, की अब्बांना खुर्ची का नाही? ते हसले. "ते तर बँडमधी होते ना बाई. लढले कुठी?"

त्या दिवशी मी अब्बांना न सांगता त्यांचं डिस्चार्ज बुक ट्रंकेतून काढलं आणि सचिवांच्या टेबलावर आपटलं. पुढची दोन वर्षं चपला झिजवल्या. बँडवाले रणात काय करतात ते समितीतल्या एकेकाला समजावलं. तिसऱ्या वर्षी निमंत्रण आलं, खुर्चीसकट. अब्बा म्हणाले, "मले कायले खुर्ची? वाजवणारा उभाच बरा." पण आईने कोटाला इस्त्री केली, पदकं लावली. पंच्याहत्तरी उलटली होती, धाप लागायची. मी त्यांना निक्षून सांगितलं, यंदा वाजवायचं नाही. समितीने राष्ट्रगीताची कॅसेट ठेवली होती. तरीही हातात क्लॅरिनेटची पिशवी होतीच. म्हटलं, हे काय? म्हणे, "काई नाई."

ते खुर्चीत बसले आणि माझा ऊर भरून आला. झेंडा वर गेला, आणि कॅसेट अडकली. सचिव धावत आले ते थेट अब्बांकडे. "चाचा, वाजवून द्या ना जरा!" अब्बा तर टपूनच बसले होते. उठले, राष्ट्रगीत वाजवलं. ते संपतं न संपतं तोच मुलांचं संचलन सुरू झालं, म्हणून त्यांनी फौजेतली एक चाल धरली. गावासमोर ती त्यांनी कधीच वाजवली नव्हती.

इकडे कडेला उभा असलेला एक लाकडाचा ठेकेदार रिकामी खुर्ची बघून खुशाल बसला. मी लगबगीने गेले. "ही माझ्या अब्बांची जागा आहे." तो म्हणाला, "बाई, कार्यक्रम होऊन राह्यला. चाचा वाजवून राह्यले ना तिकडे!" तेवढ्यात पाहुणे शाली घेऊन रांगेतून निघाले. माइकवर नाव घेतलं अब्बांचं, आणि उठला ठेकेदार! गावातल्या प्रत्येक समारंभात सत्कार घेऊन घेऊन, शाल दिसली की मान पुढे करायची सवयच त्या मेल्याला लागली होती. पाहुण्यांनी शाल पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'अहो, ते तिकडे आहेत!' असं एक माणूस म्हणाला नाही. मी ओरडले, पण टाळ्यांत कोणाला ऐकू जाणार?

घरी येताना रस्ताभर मी ठेकेदाराचा, सचिवांचा आणि अख्ख्या गावाचा उद्धार केला. शाल त्याच्या घरून ओढून आणते, म्हटलं. अब्बा धापा टाकत चालले होते. चौकात थांबले.

"ते जाऊ दे. तू जवळच होती ना? मले सांग, त्या चालीचा वरचा चढ निघाला का? माहा दम तिथीच तुटते."

माझा सगळा जीव त्या खुर्चीत अडकला होता. चढ निघाला की दम तुटला, मला काहीच माहीत नव्हतं.

"निघाला अब्बा," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पुढच्या सव्वीस जानेवारीला ते नव्हते. ठेकेदाराला मी अजून माफ केलेलं नाही. पण अब्बांनी गावासमोर ती चाल एकदाच वाजवली, आणि मी ती ऐकली नाही.